तुम्ही विचारलंत म्हणून: पिंजऱ्यातली बाली मैना मोजायची का?

बाली मैनेचा विषय काढला की कुणीतरी विचारतंच, "प्राणिसंग्रहालयांत आणि पाळणाऱ्यांकडे मिळून हजारावर आहेत, मग ती धोक्यात कशी?" दरवेळी तुटक उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून हे जरा सविस्तर.

ही मैना मूळची फक्त बाली बेटावरची, त्यातही वायव्येच्या कोरड्या जंगलातली. 1912 साली जर्मन पक्षिशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. बालीच्या पश्चिमेकडच्या बाली बारात राष्ट्रीय उद्यानात एक जोडी मला अगदी जवळून बघायला मिळाली. पांढरंशुभ्र अंग, पंखांची आणि शेपटीची टोकं काळी, डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी. एकानं तुरा ताठ करून मान वर-खाली हलवली, लगेच दुसऱ्यानंही. मग दोघं एका ढोलीत डोकावून आली. ढोली ती स्वतः कोरत नाही, सुतार पक्ष्यानं कोरून सोडलेली चालते. म्हणजे तिला जुनी झाडं हवीत, सुतारही हवेत. वीण संपली की थव्यानं एका झाडावर रात्र काढते. पकडणाऱ्याला यापेक्षा सोपं काय असणार? पिंजऱ्यात ती अंडी घालते, पिल्लं वाढवते, पण हे सगळं जगणं तिथे नाही. म्हणून मी ती आकडेवारी वेगळी धरतो.

एवढंच असतं तर मी वादही घातला नसता. पण 1999 साल मध्ये येतं. उद्यानातल्याच पैदास केंद्रात 39 पक्षी होते, रानात सोडायचे म्हणून राखलेले. हत्यारबंद टोळी आली आणि जवळजवळ सगळे घेऊन गेली. हे वाचलं तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. रानात पक्षी जितके कमी, तितका पिंजऱ्यातल्याचा भाव जास्त. त्यामुळे जे रानासाठी वाढवलं तेच चोरण्याजोगं झालं. 2001 च्या सुमारास रानात उरले होते जेमतेम सहा. बाजारात मागणी होती, खरेदीदार होते, म्हणून ती टोळी होती. "आम्ही प्रेमानं पाळतो" म्हणणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं बरं नाही. पैदास केलेले पक्षी नसते तर रानात सोडायला एकही उरला नसता. 2006 पासून बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर सोडले ते पिंजऱ्यातच जन्मलेले होते. तिथल्या गावांनी आपल्या पारंपरिक गावनियमांत, आविग-आविगमध्ये, पक्ष्यांना संरक्षण दिलं. आणि परवानाधारक पैदासकार म्हणतात, कायदेशीर पक्षी भरपूर मिळाले की चोरीचा भाव पडेल. पूर्वी हे मला साफ खोटं वाटायचं. आता निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यात शंका एकच: चोरून आणलेला पक्षी कागदपत्रं करून कायदेशीर म्हणून विकला, तर ते पकडणार कोण? याचं खात्रीलायक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.