नागपूरच्या उन्हात उघडलेला सोल

१९ मे, रात्री साडेदहा

अमरावतीच्या मुलाला आज एकदाचा फोन केला. आम्ही बनवलेल्या क्लाइंबिंग शूचा, म्हणजे कडे चढायच्या बुटाचा, सोल ज्यांचा उघडला त्या अकरा जणांपैकी हा शेवटचा. बाकी दहा जणांशी परवापर्यंत बोलून झालं होतं. याचा फोन मात्र मी पुढे ढकलत राहिले, कारण याचा सोल कातळावर असताना उघडला होता. दोर लावलेला होता, बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, जागा होता, म्हणून काही झालं नाही. पण अंगठ्याखालची पकड अशी अचानक गेली की पोटात काय होतं ते मला माहीत आहे.

त्यानं एका शब्दानंही तक्रार केली नाही. "ताई, पैसे नको, बूट पाहिजे. याच्यात माझी करंगळी दुखत नाही," एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते.

करंगळीसाठीच तर हे सगळं सुरू झालं. माझा पहिला क्लाइंबिंग शू इटालियन होता, कुणीतरी वापरून दिलेला. पंजा त्यात कोंबावा लागायचा आणि टाच मात्र मागे पोकळ राहायची. वर्षभर मला वाटत होतं की हा खेळ असाच असतो, दुखतंच. मग चढणाऱ्या मित्रमैत्रिणींचे पाय कागदावर आखून घ्यायला लागले, पंजाचा घेर टेपनं मोजायला लागले. बहुतेकांचा पंजा रुंद आणि टाच त्या मानानं बारीक. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरात लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि त्यावरून 'भा' ही भारतीय मापांची पद्धत सुचवली. आपले पाय पुढे रुंद असतात, हे त्यातही आलं. ते वाचलं त्या दिवशी मी इतवारीतल्या काकांकडे गेले.

काकांनी चाळीस वर्षं जोडे बनवलेत. त्यांनी माझ्याकडचा फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, हातात घेतला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, पाय फर्म्यात बसवाचा नसते, फर्मा पायावर बसवाचा असते." मग चामड्याच्या चकत्या कापून फर्म्याच्या पंजावर, करंगळीच्या बाजूला, एकावर एक चिकटवल्या आणि टाचेकडून रापीनं, चामडं कापायच्या सुरीनं, तासून काढलं. आमच्या बुटाचा आकार त्या दुपारी ठरला.

बाकीचं दगडानं ठरवलं. नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या अगदी कडेला आहे. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला दुसराच जुना खडक. आम्ही सह्याद्रीत जातो तेव्हा पाय ठेवायला मिळते ती बेसाल्टची बोटभर रुंदीची सपाट धार. तिथं मऊ रबर वळतं आणि पाय सुटतो. हंपीच्या ग्रॅनाइटवर उलटं. तिथं धार नाहीच, खरखरीत उतारावर तळवा पसरून उभं राहायचं, म्हणजे मऊ रबरच हवं. दोन्ही एकाच बुटात करायला गेलो तर धड काहीच होत नाही. मी धार निवडली. ४ मिलिमीटरचा सोल, शिवाय अंगठ्याखाली एक कडक पट्टी. हंपीला जाणाऱ्या दोघांना मी हा बूट घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते मला बरोबरच वाटतं.

आता चुकलं काय ते नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी शोधावं लागू नये म्हणून.

साध्या बुटाच्या सोलला कुणी ओढत नसतं. क्लाइंबिंग शूमध्ये टाचेभोवतीचा रबरी पट्टा, म्हणजे रँड, मुद्दाम ताणून लावतात. तो बोटांना पुढे अंगठ्याकडे ढकलतो आणि सगळी ताकद तिथं येते. म्हणजे बूट कपाटात पडून असतानाही चिकटवलेला जोड सतत ओढला जात असतो. सोल चिकटवायला आम्ही वापरत होतो ते पिवळं सोल्यूशन डिसेंबरात झकास धरून होतं. गेल्या आठवड्यात मी तीन बूट बंद गाडीत बारा ते तीन ठेवले. बाहेर ४५ अंश, गाडीत ओव्हनचा थर्मामीटर ६३ दाखवत होता. सोल्यूशन मऊ झालं आणि रँडनं सोलची कड आपल्याकडे खेचून घेतली. तीनपैकी दोन बुटांची फट अगदी अंगठ्याच्या वळणावर. चढायला जाणारा माणूस बूट गाडीतच ठेवणार, दुसरीकडे कुठे ठेवणार?

काकांना ते दोन बूट दाखवले. त्यांनी फटीत नख घातलं, आतून बोट फिरवलं आणि एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "हे वळणावर घासलंच नाही बरोबर. माह्या हातचं हाय हे." मी उन्हाबद्दल, सोल्यूशनबद्दल सांगत राहिले, पण त्यांचं लक्ष त्या गुळगुळीत राहिलेल्या बोटभर जागेवरच होतं. दोन्ही कारणं खरी आहेत. रबर नीट खरखरीत केलं नाही तर कुठलंच सोल्यूशन धरत नाही.

विक्री आजपासून बंद केली आहे. ४० जोड गेलेत, अकरा परत येताहेत. उरलेल्या सगळ्यांनाही बूट मागवून घेतो असं कळवलंय. एका दुकानदारानं मध्ये सुचवलं होतं की साधा सोल लावून २,५०० च्या आत आण, जीएसटी अठराऐवजी पाच टक्के लागेल, चटकन खपेल. खपेलही. पण त्या बुटावर मी माझ्या भावाला चढू देणार नाही, मग दुसऱ्याच्या भावाला कशी देऊ? आमचा ५,२०० चाच राहील. यात किती महिने जातील आणि साठवलेले पैसे पुरतील का, याचा हिशेब आईसमोर बसून उद्या करायचा आहे.

आता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, सोल्यूशन आणलंय. दोन्ही बाजू घासायच्या, सोल्यूशनचे दोन थर लावायचे, पूर्ण वाळू द्यायचं, मग गरम करून दाबायचं. काकांनी आज पहिला जोड तसा बांधला. वळणावर त्यांनी इतका वेळ घासलं की चहा दोनदा गार झाला.

तो जोड आत्ता गाडीच्या मागच्या सीटवर आहे. थर्मामीटरही तिथंच. किल्ली फ्रिजवर ठेवली आहे, आणि उद्या बारा ते तीन गाडी कुणी हलवायची नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.