तुम्ही विचारलंत म्हणून : जुना कॉन्ट्रा पुन्हा विकत घ्यावा का?

सांगलीत विश्रामबागेत मी संगणकाचे वर्ग घेतो. मुलांना सोडायला येणारे पालक बहुतेक माझ्याच वयाचे, चाळिशीला टेकलेले असतात आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी दर सुट्टीत मला विचारतोच, "सर, आपल्या लहानपणीचा तो कॉन्ट्रा हा व्हिडिओ गेम आता नव्या संचात मिळतो म्हणे. घेण्यासारखा आहे का?" माझे उत्तर 'हो' असे आहे, मात्र एका अटीवर.

कोनामी या जपानी कंपनीने २०१९ च्या जूनमध्ये 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' आणले. त्यात दहा खेळ आहेत, पण या आकड्यावर जाऊ नये. युरोपात हिंसेविषयीच्या आक्षेपांमुळे माणसांच्या जागी यंत्रमानव घालून हेच खेळ 'प्रोबोटेक्टर' या नावाने विकले गेले होते. अशा दोन आवृत्त्या संचात आहेत आणि त्या एकदा पाहिल्या की पुरे. आर्केडवरचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा, १९८७ चा मूळ कॉन्ट्राही मला अभ्यासाच्या दृष्टीनेच मोलाचा वाटतो. खरा ऐवज तीन खेळांत आहे: १९८८ चा घरगुती कॉन्ट्रा, १९९२ चा 'कॉन्ट्रा थ्री' आणि १९९४ चा 'हार्ड कोर'.

दुसरी गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हे खेळ नव्याने रंगवलेले नाहीत. २०२४ मध्ये 'टूम रेडर' या दुसऱ्या जुन्या व्हिडिओ गेमचे पहिले तीन भाग पुन्हा आले तेव्हा एका बटणासरशी जुने चित्र जाऊन नवे यावे अशी सोय होती. तशी अपेक्षा इथे ठेवली तर निराशा होईल. इथे चित्र जुनेच आहे आणि ते तसे ठेवले याचे मला समाधान आहे. घरगुती कॉन्ट्राच्या जपानी आवृत्तीत कोनामीने कॅसेटमध्ये स्वतःची खास चिप वापरली होती, त्यामुळे पहिल्या टप्प्यातल्या जंगलाची झाडे वाऱ्यावर हलतात आणि बर्फाच्या टप्प्यात हिमवर्षाव होतो. आपण ज्या कॅसेटवर वाढलो तिच्यात ही झाडे निश्चल उभी होती. संचातली ती आवृत्ती मी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा गोळ्या न झाडता काही वेळ नुसता त्या झाडांकडे पाहत उभा राहिलो, आणि अर्थातच मारला गेलो.

आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ जपानी यंत्राची नक्कल असलेल्या टीव्ही गेमवर खेळला. आमच्या कॅसेटच्या यादीतच तीस लाइफचा पर्याय होता. त्यामुळे मूळ खेळ फक्त तीन लाइफ देतो आणि तीसचा लाभ हवा असेल तर सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी आणि ए हा क्रम दाबावा लागतो, हे मला फार उशिरा कळले. तीस लाइफवर खेळ संपवलेल्या माणसाला तीन लाइफचा कॉन्ट्रा जवळजवळ अनोळखी वाटतो. एक गोळी लागली की लाइफ गेली, आणि हातातली 'एस' बंदूकही (एकदम पाच दिशांना गोळ्या सोडणारी) गेली.

या खेळात प्रगती साठवण्याची सोय मुळात नव्हतीच. सांगलीच्या आमच्या गावभाग या वस्तीत भारनियमनाच्या दिवसांत सहाव्या टप्प्यावर वीज गेली की सगळे पुन्हा जंगलापासून सुरू करावे लागे. त्याचाच परिणाम म्हणून कोणता सैनिक कोठून येतो हे आम्हाला पाठ झाले, आणि हा खेळ पाठ होण्यासाठीच रचलेला आहे. आठ टप्पे मिळून जाणत्या खेळाडूला अर्धा तासही लागत नाही. नव्या संचात कोठेही खेळ साठवता येतो. ती सोय वाईट नाही, पण तिचा उपयोग तालमीसारखा करावा असे मला वाटते. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको: अडलेला प्रवेश तालमीत पुन्हा पुन्हा उभा करतात, प्रयोग मात्र सलग होतो. पावलोपावली खेळ साठवत शेवट गाठणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

खेळण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करावा. एरवी नवे टीव्ही चित्र सुधारण्यात क्षणाचा अंश खर्च करतात आणि उडी तेवढी उशिरा पडते. पुष्कळांना वाटते की आपले हात मंदावले. दोष बहुधा टीव्हीचा असतो.

आता अट. हा संच एकट्याने खेळण्यासाठी घेऊ नये. आमचा जुना टीव्ही गेम २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात गेला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते. तळमजल्यावरच्या पेटीतले काहीच वाचले नाही. पुढच्या वर्षी मी संच घेतला आणि काही महिने एकटाच खेळलो. खेळ तोच होता, तरी मन रमेना. मग दिवाळीत दादा पुण्याहून आला. तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावर चढायचे असते आणि जो पुढे जातो त्याच्यासोबत पडदा वर सरकतो, त्यामुळे मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. लहानपणी दादा मला तिथे हमखास मारत असे आणि स्वतःच्या लाइफ संपल्या की माझ्यातली एक उचलून घेत असे, कारण खेळात तशीही मुभा आहे. या वेळी तो एका कड्यावर थांबला आणि "ये लवकर," म्हणाला. मी चढलो. पाचव्या टप्प्यावर त्याच्या लाइफ संपल्या तेव्हा त्याने मला न विचारताच माझी एक घेतली.

म्हणून मी पालकांना सांगतो, की संचाच्या आधी दुसरा कंट्रोलर विकत घ्या.