दमयंती: हंस उडून गेल्यानंतरची

विदर्भाने पुराणांना आणि काव्यांना ज्या मुली दिल्या, त्यांची नावे सांगताना आम्हा नागपूरकरांचा आवाज जरा चढतोच: अगस्त्यांची लोपामुद्रा, अजाची इंदुमती, नळाची दमयंती आणि श्रीकृष्णाची रुक्मिणी. यांपैकी रुक्मिणी घरोघरच्या देव्हाऱ्यात पोहोचली. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर तिचे माहेर म्हणून ओळखले जाते, आणि तिच्या नावाची पालखी तेथून आषाढीला पंढरपूरला जाते. महाभारतातल्या नळोपाख्यानाप्रमाणे विदर्भाच्या याच राजधानीत, कुंडिनपुरात, भीम राजाची मुलगी दमयंतीही वाढली. पण तिच्या वाट्याला पालखी आली नाही, नळाचे गुण तिच्या कानी घालणारा हंस आला. दमयंती म्हटले की हंस, आणि हंस म्हटला की स्वयंवर, एवढ्यावर आपली आठवण थांबते. माझ्या मते या नावाची खरी गोष्ट हंस उडून गेल्यावर सुरू होते, आणि आपल्या कवींनी व चित्रकारांनी तिच्याकडे सहसा पाठ फिरवली.

वनपर्वात ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात. द्यूतात सर्वस्व हरून काम्यकवनात बसलेल्या युधिष्ठिराने आपल्याहून दुर्दैवी राजा कोणी पाहिला आहे का, असे विचारलेले असते आणि उत्तरादाखल ऋषी नळाची हकीगत काढतात. कथा नळाच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिच्यात निर्णय घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा दमयंतीच आहे. स्वयंवरातल्या पाच नळांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचे रूप घेऊन बसले असता तिने आपल्या सत्याची शपथ घातली, तेव्हा देवांनी आपली लक्षणे प्रकट केली आणि घाम, सावली, पापण्यांची उघडझाप व कोमेजलेली माळ यांवरून तिने माणूस ओळखला. हा प्रसंग सुंदर आहे यात शंका नाही, परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा एक छोटा तपशील. कलीने पछाडलेला नळ भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळत एकेक गोष्ट हरत चालला असता, मंत्री आणि प्रजाजन दाराशी तिष्ठत उभे असता, दमयंतीने वार्ष्णेय सारथ्याला बोलावून इंद्रसेन आणि इंद्रसेना ही दोन्ही मुले रथातून कुंडिनपुरास धाडून दिली. राज्य अजून पूर्णपणे गेलेले नव्हते. घर बुडणार हे नवऱ्याच्या आधी ओळखून मुलांची सोय लावणारी ही बाई हंसाच्या चित्रात कुठेच दिसत नाही.

अरण्यात नळ तिला विदर्भाकडे जाणारी वाट पुन्हापुन्हा दाखवू लागतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे हे ती ओळखते आणि जायचेच असेल तर दोघे मिळून माझ्या माहेरी जाऊ, असे स्पष्ट सांगते. तरीही रात्री तो तिचे अर्धे वस्त्र कापून निघून जातो. त्यानंतरचा अजगर, व्याध आणि हत्तींनी तुडवलेला व्यापाऱ्यांचा तांडा हे सगळे ओलांडून ती चेदी देशात पोहोचते आणि राजमातेकडे सैरंध्री, म्हणजे साजशृंगार करणारी दासी, म्हणून राहते. राहतानाही ती अटी घालते: उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही, मात्र पतीच्या शोधासाठी ब्राह्मणांना भेटेन. पुढे विराटाच्या घरी द्रौपदीने नेमके सैरंध्रीचेच रूप घेतले, हे लक्षात घेतले तर वनपर्वातली ही कथा केवळ युधिष्ठिरासाठी होती, असे मानणे कठीण जाते.

माहेरी परतल्यावर तिने जे केले, त्याला मी निःसंकोचपणे शोधमोहीम म्हणेन. ‘माझे अर्धे वस्त्र कापून घेऊन, मला वनात झोपलेली टाकून, जुगाऱ्या, तू कुठे गेलास?’ अशा अर्थाचे शब्द तिने ब्राह्मणांना पाठ करायला लावले आणि देशोदेशी, सभासभांतून म्हणायला सांगितले. उत्तर देईल तो कोण, कसा राहतो, हे पाहून येण्याची ताकीदही दिली. अयोध्येत ऋतुपर्ण राजाच्या पदरी असलेल्या बाहुक नावाच्या कुरूप सारथ्याने उत्तर दिल्याची बातमी त्या ब्राह्मणांपैकी पर्णादाने आणली. तेव्हा वडिलांना कळू न देता, आईला विश्वासात घेऊन, तिने ऋतुपर्णाकडे निरोप पाठवला की दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. शंभर योजने एका दिवसात रथ हाकू शकेल असा सारथी नळावाचून दुसरा नव्हता, आणि सापळा होता तो इतकाच. रथ आल्यावरही ती धावत जात नाही. केशिनी दासीला पाठवून ती बाहुकाच्या हालचाली टिपून आणवते, त्याने रांधलेले मांस मागवून चव घेते, दोन्ही मुलांना त्याच्यापुढे पाठवते आणि मगच त्याला समोर बोलावते. चव ओळखण्याचा हा प्रसंग कोणी रंगवलेला मला पाहायला मिळाला असता, तर मी हंसाची सगळी चित्रे त्यावरून ओवाळून टाकली असती.

कवींनी मात्र वेळीच हात आवरला. दहाव्या शतकातील त्रिविक्रमभट्टाचा नलचंपू, ज्याला दमयंतीकथा असेही म्हणतात, स्वयंवरापर्यंतही पोहोचत नाही आणि अपुराच राहतो. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने नैषधीयचरिताचे बावीस सर्ग लिहिले. त्यातला सातवा संपूर्ण सर्ग नळाच्या डोळ्यांनी केलेल्या दमयंतीच्या नखशिखान्त वर्णनाला दिला, तेराव्यात पाचही नळांना लागू पडणारे श्लेष रचले, आणि लग्नानंतरच्या सुखात काव्य संपवले. फासे नाहीत आणि वनही नाही. या पांडित्यापुढे मी नतमस्तक होतो, पण सातवा सर्ग वाचताना कंटाळतो, हेही खरे. सतराव्या शतकात मराठीत रघुनाथ पंडितांनी नलदमयंतीस्वयंवराख्यान लिहिले. नळाच्या हाती सापडलेला हंस, भिऊन दूर उडालेले त्याचे सोबती आणि त्यावरचा ‘कठिण समय येता कोण कामास येतो’ हा चरण तेथलाच. आपण तो उधारी बुडवणाऱ्या मित्रापासून निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यापर्यंत सर्वांसाठी वापरतो. मात्र त्याच कथेत कठीण समयी कामास कोण आले, हे त्या काव्याची वेस ओलांडल्याशिवाय कळत नाही.

चित्रकारांनी कवींचाच माग धरला. पहाडी शैलीतील नलदमयंतीची चित्रमाला श्रीहर्षाला अनुसरते. तिच्यातली ४७ चित्रे जम्मूच्या अमर महाल संग्रहालयात आहेत. राजा रविवर्म्याने १८९९ मध्ये रंगवलेली दमयंती हंसाचे बोलणे ऐकत उभी आहे, आणि हे चित्र छापखान्यातून निघून भिंतीभिंतींवर पोहोचले. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरातही ते होते. माझ्या आत्याचे नाव दमयंती असल्यामुळे पाहुणे तिला ‘हंस कुठे ठेवलात?’ असे विचारीत, आणि ती ‘फोडणीत घातला’ असे उत्तर देई.

दूरच्या वाचकांनी तिला अधिक सबंध पाहिले असावे. अकबराच्या इच्छेवरून फैजीने फारसीत ‘नल-दमन’ रचले. जर्मन भाषापंडित फ्रान्ट्स बॉप याने १८१९ मध्ये लंडनहून लॅटिन अनुवादासह नळोपाख्यान छापले. पुढे मोनियर विल्यम्सची आवृत्ती आली, आणि लॅनमनच्या संस्कृत वाचनमालेत पहिला उतारा याच कथेचा लागला. त्यामुळे संस्कृतची धुळाक्षरे संपवलेल्या कित्येक पाश्चात्य विद्यार्थ्यांना प्रथम भेटलेली राजकन्या विदर्भाची होती.

हे नाव धारण करणाऱ्या स्त्रियांपैकी कथक नर्तकी दमयंती जोशी यांना १९७० मध्ये पद्मश्री मिळाली; नर्तकी मेनका यांच्या नृत्यपथकातून त्या लहान वयातच युरोपभर फिरल्या होत्या. संताली लेखिका दमयंती बेसरा यांना २०२० मध्ये तोच सन्मान लाभला. मला अधिक वेळ थांबावेसे वाटते ते दमयंती तांबे यांच्यापाशी. बॅडमिंटनमधील कामगिरीसाठी त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे पती, हवाई दलातील फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, युद्धात बेपत्ता झाले. ते पाकिस्तानात बंदिवान असल्याच्या विश्वासाने त्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांसह त्या तेथील तुरुंगही पाहून आल्या. नाव ठेवताना कोणाच्या मनात असे काही नसते, आणि या योगायोगाला कथेची झालर लावणेही बरे नव्हे. महाभारतातल्या दमयंतीला चौथ्या वर्षी नळ परत मिळाला, आणि तिच्यामागे एका राजाची संपत्ती व त्याने पाठवलेले ब्राह्मण होते. दमयंती तांबे यांना मात्र दोन देशांच्या सरकारांची दारे ठोठवावी लागली.