एकही दिवस उशीर नाही

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या गृहकर्ज शाखेत मी फायली तपासते. लोकांना वाटतं, आम्ही क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, बघून हो-नाही सांगतो. खरं काम त्यापुढचं: पगारातून चालू हप्ते वजा करून नव्या हप्त्याला काय उरतं ते बघायचं. क्रेडिट कार्डावर बाकी असेल तर तिचे पाच टक्के आम्ही दरमहाचा हप्ताच धरतो. एजंट हे ग्राहकाला कधीच सांगत नाहीत.

गेल्या आठवड्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा एक तरुण आईला घेऊन आला. मांजलपूरला फ्लॅट घ्यायचा, २२ लाख हवेत. काकू दांडिया बाजारच्या. टेबलावरचं माझं आडनाव वाचून लगेच मराठीत सुरू झाल्या. मुलाने सिबिल रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढूनच आणला होता. "ताई, बघा, एकही दिवस उशीर नाही." खरंच नव्हता. महिन्यांच्या रकान्यात सगळीकडे ०००.

तरी फाईल बसेना. पगार ४६,०००; हप्त्यांसाठी आम्ही निम्मे धरतो, २३,०००. बाइकचे ३,२०० गेले. कार्डाची मर्यादा दीड लाख, बाकी १,४२,०००, म्हणून आणखी ७,१०० गेले. उरले १२,७००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २२ लाखांचा हप्ता १९,००० च्या वर जातो.

मी कार्डाचं स्टेटमेंट मागितलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,९७०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८९५. तो भरत होता किमान रक्कम, ७,१००. मुद्दल उतरायचं १,२३५ रुपयांनी, आणि तेवढ्याचा किराणा-पेट्रोल पुन्हा कार्डावरच. मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"पूर्ण का भरत नाही?"

"पूर्ण भरलं तर स्कोअर बनत नाही ना? कार्ड देणाऱ्यानं सांगितलं होतं, थोडी बाकी ठेवायची."

ही थाप ऐकली की माझा संताप होतो. त्या रकान्यात फक्त वेळ पाळली की नाही एवढंच कळतं. पूर्ण भरणाऱ्यालाही ०००च मिळतात. उलट मर्यादेच्या ९५ टक्के वापर दिसला की स्कोअर खाली येतो. ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, एकूण देय आणि किमान देय. याच्या फॉर्मवर किमानची खूण विकणाऱ्यानेच केलेली. नुसतं किमान भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, ही सूचना छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. ती होती, बारीक अक्षरात. किमान रक्कम मात्र वर ठळक.

फाईल आणणारा एजंट मध्येच म्हणाला, "मॅडम, सेटलमेंट करवून देतो." म्हणजे थोडी रक्कम भरून बाकीची बँकेला सोडायला लावायची. मी त्याला तिथेच थांबवलं. 'सेटल्ड' शेरा रिपोर्टवर वर्षानुवर्षं राहतो आणि तो दिसला की आमच्याकडे फाईल हलत नाही. नियमित भरणाऱ्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे त्याची वाट लावणं आहे.

इतका वेळ गप्प बसलेल्या काकूंनी पिशवीतून पोस्टाचं पासबुक काढलं. मासिक उत्पन्न योजनेत दीड लाख, ७.४ टक्क्यांनी, महिन्याला ९२५ रुपये. एकाच घरात आईला ९२५ येत होते आणि मुलगा त्याच महिन्यात ५,८६५ घालवत होता. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. वर्ष उलटलेलं, त्यामुळे मोडल्यास दोन टक्के कापून १,४७,००० हाती येणार होते. मुलगा नको म्हणाला. काकू म्हणाल्या, "मग दर महिन्याला ते ९२५ तू मला दे."

कार्ड शून्यावर आलं की १९,८०० उरतात, हप्ता बसतो. पण म्हाताऱ्या बाईची ठेव एका खुणेपायी मोडावी लागते आणि कार्डाच्या बँकेत कुणालाच काही वावगं दिसत नाही, हे मला अजून पचत नाही. त्यांच्या लेखी तो उत्तम ग्राहक.

कार्ड बंद करू नका, खूण एकूण देयवर करून घ्या, असं मी त्याला सांगितलं. निघताना तो म्हणाला, शिफ्टमधल्या दोघांचे फॉर्म कार्ड विकणाऱ्या त्याच माणसाने भरलेत. मी म्हटलं, स्टेटमेंट घेऊन पाठवा त्यांना, कर्ज नको असलं तरी.