रोंडेच्या आदल्या दिवशी

कॉपनबर्ग हा बेल्जियममधल्या रोंडे या सायकल शर्यतीतला एक चढ. त्याच्या पायथ्याशी मी सायकलवर बसलेलो आहे, असा फोटो आहे. माथ्यावर सायकलशेजारी उभा असलेलाही आहे. मधल्या सहाशे मीटरचा नाही, आणि ते बरंच झालं. चढ सुरू झाल्यावर शंभरेक मीटरवर पुढच्या गृहस्थांनी पाय टेकला. त्यांच्यामागे आणखी एकाने टेकला आणि मग आमची अख्खी रांगच खाली उतरली. तिथे एकदा उतरलात की पुन्हा बसता येत नाही. सर्वांत उभा टप्पा 22 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर बावीस मीटर वर. खाली गोलसर दगडांची फरसबंदी आणि त्यावर बारीक धूळ. पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. या दगडांना इथले लोक 'किंडरकॉप्येस' म्हणतात, म्हणजे पोरांची डोकी. एकदा पाहिलं की नाव विसरता येत नाही.

सायकल ढकलत चढताना मला येस्पर स्किबी आठवला. 1987 च्या रोंडेत हा डेन्मार्कचा गडी याच चढावर सगळ्यांच्या पुढे होता. मागून शर्यतीच्या अधिकाऱ्यांची मोटार आली, अरुंद रस्त्यात तो पडला आणि मोटार त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर पंधरा वर्षं, 2002 पर्यंत, कॉपनबर्ग शर्यतीतून बाहेर होता. मी पायी चढलो, पण निदान माझी सायकल शाबूत होती. (भाड्याची होती. चेन दोनदा पडली, ती गोष्ट वेगळी.)

तारीख होती 5 एप्रिल 2025, शनिवार. दुसऱ्या दिवशी रोंडे व्हान व्लांडरन, म्हणजे फ्लँडर्सची शर्यत. फ्लँडर्स हा बेल्जियमचा डच बोलणारा भाग, इथला माणूस तो फ्लेमिश. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते, एक दिवस बिघडला तर दुसऱ्या दिवशी सावरता येतं. इथे, 2025 ला, सकाळी ब्रुझमधून निघायचं, जवळजवळ 269 किलोमीटर मारायचे, सोळा चढ चढायचे आणि संध्याकाळच्या आत आउडेनार्डेत निकाल. 1913 पासून हे चालू आहे. आदल्या दिवशी आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी त्याच रस्त्यांवर फेरी असते आणि तिला सोळा हजार सायकलस्वार येतात. मी गेंटला राहतो, आगगाडीने आउडेनार्डे तासाभराच्या आत. तीन वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत होतो.

लहानपणी वडिलांबरोबर खंडाळ्याला मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला जायचो. बोरघाट चढून येणारे घामेजलेले चेहरे, आणि त्यांतून ठरणारा 'घाटाचा राजा'. त्यामुळे चढ म्हणजे लांबलचक वळणावळणाचा घाट, अशी माझी समजूत. फ्लँडर्सचे चढ बघून आधी हसूच आलं. पाटरबर्ग अवघा साडेतीनशे-चारशे मीटर, आपल्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण तो 20 टक्क्यांचा आहे, दगडांचा आहे, आणि शर्यतीत शेवटच्या वेळी समोर येतो तेव्हा पायांत अडीचशेच्या वर किलोमीटर गेलेले असतात. मी तो चढलो, न उतरता. ही ओळ दोनदा वाचावी, ही विनंती.

संध्याकाळी आउडेनार्डेच्या चौकामागच्या गल्लीत एका छोट्या कॅफेत शिरलो. चौकात गॉथिक धाटणीचं जुनं नगरभवन आहे, सुंदर आहे, पण त्या दिवशी त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. प्रत्येक खिडकीत फ्लँडर्सचा झेंडा, पिवळ्या कापडावर काळा सिंह. आत निवडणुकीच्या आदल्या रात्री पारावर असतं तसं वातावरण. काउंटरवर काचेची बरणी, शेजारी कागदाचे चिटोरे. दोन युरो टाकायचे, पहिले तीन कोण ते क्रमाने लिहायचं. पुरुषांच्या शर्यतीची बरणी मोठी, बायकांच्या शर्यतीची छोटी.

माझ्या टेबलावर सत्तरीचे एक आजोबा आणि गेंटला शिकणारा त्यांचा नातू. पलीकडे नारिंगी टोप्या घातलेले दोन डच. आजोबांनी पिशवीतून गेरार्ड्सबर्गनचे माटनटार्ट काढून मला एक दिला. नासवलेल्या दुधाच्या चोथ्याची गोड पुरी म्हणा हवं तर. आपल्याकडे दूध नासलं की घरात साखर घालून जे करतात त्याच्या जवळची चव, फक्त भोवती खुसखुशीत पदर. मी तसं सांगितलं, त्यांना ते फारसं आवडलं नसावं.

विषय अर्थात बेल्जियमचा सायकलपटू वाउट व्हान आर्ट. 2024 मध्ये रोंडेच्या आधीच्या बुधवारच्या शर्यतीत तो पडला, गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडल्या, रोंडे हुकली. 2025 मध्ये त्याच बुधवारच्या शर्यतीत शेवटी चौघे पुढे होते, त्यांतले तिघे त्याच्याच संघाचे. चौथा अमेरिकेचा नीलसन पॉवलेस. तिघांविरुद्ध एकटा, आणि जिंकला तो एकटा! तीन दिवस होऊन गेले होते, तरी आजोबा टेबलावर पेल्यांची मांडणी करून दाखवत होते की कुणी आधी हल्ला करायला हवा होता. नातू म्हणाला, "आजोबा, तो पेला माझा आहे."

डच मंडळी हसत होती, कारण मॅथ्यू व्हान डर पूल त्यांचा. सान रेमोची शर्यत त्याने जिंकली होती, ई-3 नावाचीही. रोंडे तीनदा जिंकलेला, चौथ्यांदा जिंकला तर विक्रम एकट्याच्या नावावर. आजोबांचा मुद्दा असा की तो जन्मला अँटवर्पजवळच्या कापेलनमध्ये, म्हणजे बेल्जियममध्ये, तेव्हा निम्मा आमचाच. डच म्हणाले, त्याचा बाप आड्री 1986 मध्ये हीच शर्यत जिंकला, तोही डच, मग निम्मा कसला? यावर आजोबा गप्प झाले. नंतर हळूच म्हणाले, "आमचा शेवटचा बेल्जियन 2017 चा. फिलिप जिल्बेर. तो वालोनियाचा, फ्रेंच बोलणारा. फ्लेमिश माणूस जिंकला त्याला तेरा वर्षं झाली, बोनन, 2012." घरच्या मांडवात लग्न आणि नवरदेव दरवेळी बाहेरगावचा, असं काहीसं त्यांचं दुःख.

माझं मत विचारलं. मी म्हटलं, स्लोव्हेनियाचा पोगाचार. जगज्जेता, 2023 ला इथे जिंकलेला, शिवाय त्याचं गणित सोपं आहे. शेवटच्या सपाट रस्त्यावर व्हान डर पूलला सोबत नेलं तर जोराच्या धावेत तो हरणार, सान रेमोला तेच झालं. म्हणजे त्याला चढावरच सुटावं लागेल. पाटरबर्ग फार छोटा. उरला आउडे क्वारेमोंटचा चढ, सव्वादोन किलोमीटर, आणि तिसऱ्यांदा तो येतो तेव्हा शेवट सतरा-अठरा किलोमीटरवर. नातवाने मान डोलावली. आजोबा म्हणाले, "हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. व्हान आर्टलाही." मग ते शर्यतीचा शेवट मेअरबेकेहून आउडेनार्डेला हलवल्याबद्दल बोलू लागले. 2012 चा तो निर्णय. तेव्हा गेरार्ड्सबर्गनची प्रसिद्ध भिंत, माथ्यावर देऊळ असलेला तो चढ, शर्यतीतून वगळली गेली म्हणून चाहत्यांनी तिची अंत्ययात्रा काढली होती. आजोबांचा राग अजून ओला होता.

कागद भरायची वेळ आली. मी लिहिलं: पोगाचार, व्हान डर पूल, पेडरसन. मॅड्स पेडरसनने आदल्या रविवारी गेंट-वेव्हेलगेम पन्नासहून जास्त किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकली होती, त्याला वगळायचा धीर झाला नाही. आजोबांनी हाताने झाकून लिहिलं. झाकण्याची गरज नव्हती. बायकांच्या बरणीत कॅफेच्या मालकीणबाईंनी स्वतः बेल्जियमच्या लोट्टे कोपेकीच्या नावाची एकच चिठ्ठी टाकली, "कोपेकी" असं मोठ्याने म्हणत.

रविवारी आम्ही तिघं क्वारेमोंटवर एका शेताच्या कडेला सकाळी दहापासून उभे. ऊन होतं आणि वारा गार. आजोबांच्या मते असल्या हवेत रोंडे म्हणजे सहल. तिसऱ्या फेरीला पोगाचार आमच्यासमोरून गेला तेव्हा मागचा व्हान डर पूल तुटत चालला होता. मी ओरडलो की नाही आठवत नाही. नातवाच्या फोनवरच्या व्हिडिओत एक मराठी शब्द ऐकू येतो, इथे लिहिण्यासारखा नाही. निकाल: पोगाचार, पेडरसन, व्हान डर पूल. व्हान आर्ट चौथा.

माझी नावं तिन्ही बरोबर, क्रम चुकला, पैसे गेले. बायकांची शर्यत लोट्टे कोपेकीने जिंकली, तिसऱ्यांदा. संध्याकाळी कॅफेत गेलो तर मालकीणबाई छोटी बरणी काउंटरवर उपडी करून नाणी मोजत होत्या, आणि आजोबा त्यांच्याकडे पुढच्या रविवारच्या पॅरिस-रूबे शर्यतीसाठी कोरा कागद मागत होते.