आडनाव एक, नातं शून्य

समितीतल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला नियम साधा होता: पंचाचं आणि खेळाडूचं आडनाव एक असेल तर त्या सामन्याला तो पंच नेमायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये तो घातलाही गेला. आणि तोही बडोद्यात, जिथे मैदानावर ‘गायकवाड’ म्हणून हाक मारली तर चारजण वळून बघतात!

आमच्या कबड्डी स्पर्धेत पंचांच्या नेमणुका मी करते. पूर्वी वही आणि फोन असायचा. आता पंच आपापल्या मोबाइलवरून कधी मोकळे आहेत ते भरतात, मी मैदानं आणि वेळा टाकते, बटण दाबलं की यादी तयार. सामन्याला सहाजण लागतात: सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. मांजलपूरचा सामना संपवून तोच माणूस लगेच अकोट्याच्या मैदानावर उभा राहू शकत नाही, हे सॉफ्टवेअरला कळतं. वहीच्या काळात यावरून किती भांडणं झाली म्हणून सांगू!

उपांत्य फेरीच्या दिवशी सकाळी यादी उघडली, तर पहिल्या सामन्यात सरपंचाची जागा लाल. मोकळे असलेले वरच्या श्रेणीचे सगळे गायकवाड नाहीतर पवार, आणि संघांतही तेच. दुसरा सामना मात्र हिरवागार. बघते तर सरपंच म्हणून ज्यांचं नाव आलेलं, ते एका चढाईपटूचे सख्खे मामा! आडनाव वेगळं, मग सॉफ्टवेअरला काय पत्ता? त्या पोराच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात. शिवाय एक पंच आणि एक खेळाडू सख्खे चुलतभाऊ, पण इंग्रजीत गायकवाड लिहिताना एक ‘आय’ लावतो, दुसरा ‘ई’. यादीत दोघे परके.

मामांना फोन लावला.

“ताई, मी काय भाच्याला फायदा देणार? त्याला तर आधी बाद देईन, विचारा कुणालाही!”

मला धास्ती त्याचीच होती. पक्षपाताचा आळ नको म्हणून आपला माणूस दुप्पट कडक होतो आणि भोगावं लागतं पोराला. बोनसचंच बघा. समोर निदान सहा बचावपटू हवेत, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्याच क्षणी दुसरा पाय अधांतरी. मागचा अंगठा मॅटला लागला की नाही, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं. तिथे ‘लोक काय म्हणतील’ मनात आलं की संपलंच.

मामांना महिलांच्या सामन्याला पाठवलं आणि दोन्ही उपांत्य सामन्यांना पाठोपाठ आमच्या ज्येष्ठ गायकवाडकाकांना नेमलं. सॉफ्टवेअरनं लाल पट्टी दाखवून कारण विचारलं. ‘आडनाव एक, नातं शून्य’ असं लिहून टाकलं. काका म्हणजे, हुतुतूचे नियम १९२३ साली आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं छापले, हे दर स्पर्धेत एकदा तरी ऐकवणारच. ऐकून घ्यायचं.

दुसऱ्या सामन्याच्या शेवटी भाच्याच्या बोनसवर दोन पंचांचं एकमत होईना. काकांनी क्षणभर थांबून बोनस दिला. तोवर आपला सामना आटोपून मामा येऊन दोरीपाशी उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “मी नसता दिला हं!”

संध्याकाळी समितीला फोन करून आडनावाचा नियम काढायला लावला. ज्या संघाशी आपला संबंध आहे त्यावर पंचानंच फुली मारायची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, वापरत मात्र कुणी नव्हतं. सगळ्यांना मेसेज केला: रात्रीपर्यंत फुल्या मारा, नाहीतर नेमणूक नाही. मग साडू निघाले, व्याही निघाले, एकाचा घरमालक एका संघाचा व्यवस्थापक निघाला. एका मास्तरांनी लिहिलं, “अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांना मीच शिकवलंय, आता?”

त्यांना गुणलेखक केलं. गुणफलक सगळ्यांनाच दिसतो.