पावती कुठाय?

"मॅडम, खरं सांगा, कर म्हणजे कायदेशीर चोरीच ना?"

दर जुलैत हा प्रश्न मला आठ-दहा जण तरी विचारतात. नाशिकला शरणपूर रोडवर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला आतली गोष्ट माहीत असणार. एरवी मी "आधी फॉर्म 16 द्या" म्हणून वेळ मारून नेते. परवा मात्र एक जण चहा संपला तरी उठेना. आता तुम्हीही हेच विचारलंत म्हणून लिहिते.

आधीच सांगते, माझं पोट करावर चालतं. करच नसते तर मी आज भांडी बाजारात अण्णांच्या दुकानात कढया विकत बसले असते. तेव्हा माझ्या बोलण्यातून तेवढी घट वजा करा.

न उठणारा मुलगा गंगापूर रोडला राहतो, कंपनी बंगळूरची, काम घरून. त्याचं म्हणणं असं, की तीस टक्के कर म्हणजे वर्षातले साडेतीन महिने मी सरकारसाठी फुकट राबतो, हीच वेठबिगारी. युक्तिवाद नवा नाही. रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1974 मध्ये जवळजवळ हेच लिहिलं होतं, की श्रमाच्या कमाईवरचा कर हा सक्तीच्या मजुरीच्या तोडीचा आहे.

मी कॅल्क्युलेटर ओढला. करपात्र उत्पन्न 30 लाख, नवी पद्धत, 2025-26 चे दर. पहिल्या चार लाखांवर काही नाही, मग पायरी पायरीने चढत 24 लाखांच्या वरच्या रकमेवर 30 टक्के. उपकरासह 4,99,200 रुपये. म्हणजे दोन महिने. आपल्या जुन्या ग्रंथांत राजाचा वाटा सहावा सांगितलाय, तोही हाच निघतो, हे पाहून मला हसू आलं. त्याला आलं नाही. "दोन महिने तरी का?" म्हणाला.

प्रश्न रास्त आहे. यावर रस्ते, धरण, शाळा हे पाठ झालेलं उत्तर मी देत नाही, खड्ड्यांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये तयारच असतात. मी त्याला जकात नाक्याची गोष्ट सांगितली.

मी दहावीत असेन. अण्णा मुंबईहून स्टीलची भांडी टेम्पोने आणायचे, सुट्टीत मी सोबत जायचे. वाटेत ज्या पालिकेची हद्द लागेल तिच्या नाक्यावर मालाची जकात भरायला थांबायचं. एका नाक्यावर, कुठल्या ते सांगत नाही, रात्री दोन वाजता कारकुनाने सगळी पोती उतरवायला लावली. बिलावरची किंमत त्याला पटत नव्हती. पातेल्यांच्या चळती रस्त्याकडेला मांडलेल्या, वरून भुरभुर पाऊस, आणि पन्नाशीचे अण्णा हात जोडून "साहेब, साहेब" करतायत. शेवटी पैसे दिले. पावती मिळाली, पण जेवढे दिले तेवढ्याची नव्हे. टेम्पोत बसल्यावर अण्णा इगतपुरीपासून घरापर्यंत अक्षर बोलले नाहीत.

संविधानाच्या कलम 265 मध्ये एवढंच आहे, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. मी या धंद्यात पडल्यावर ते वाचलं आणि त्या रात्रीचे दोन भाग झाले. पावतीवर होता तो कर. पावतीबाहेर गेली ती चोरी. आणि अण्णांना हात जोडायला लावले, ते या दोन्हींत बसत नाही. स्वातंत्र्य गेलं असेल तर तिथे गेलं, रकमेत नव्हे. नाशिकची जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही बहुतेकांचा 2015 मध्ये सुटला, मग जीएसटी. भरणा कमी झाला असं कुठलाच व्यापारी म्हणत नाही, पण नाका गेल्याचं दुःखही कोणाला झालेलं मी पाहिलं नाही.

"मग ज्याला द्यायचंय तो स्वखुशीने दान देईल की," मुलगा म्हणाला.

इथे मी त्याला पगाराची चिठ्ठी उघडायला लावली. व्यवसाय कर, महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500, संविधानाने घातलेली कमाल मर्यादा. फेब्रुवारीत शंभर जास्त का जातात असं अनेक जण रागाने विचारतात. हा कर मुळात कशासाठी आला ते सहसा कोणी विचारत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना जोरात राबवली, तिला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये हा कर आला. शहरातल्या पगारदारांनी गावातल्या मजुराला काम द्यायचं, असा तो सौदा. 1977 मध्ये हमीचा कायदाही झाला.

माझी मावशी सिन्नरच्या पूर्व पट्ट्यातली. बहात्तर साली ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दुपारी सुकडी मिळायची. पुढे हमीच्या पाझर तलावांवर माती वाहिली. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. सावकाराकडे जायचं तर ओट्याखाली उभं राहावं लागे, तो जेवून बाहेर येईपर्यंत. गावच्या शेठजींनी धान्य वाटलं तेव्हाही रांगेत पदर पसरून. "मस्टरवर अंगठा लावला की मात्र पैशे मागून घ्यायची मी, दोन रुपय कमी भरले तर भांडायची," असं सांगताना तिचा आवाज चढायचा. दान देणाऱ्याशी भांडता येत नाही. मुलाचं दान देण्याचं स्वातंत्र्य मला मान्य आहे, फक्त मावशीचं भांडायचं स्वातंत्र्य त्याच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

याचा अर्थ सरकारने घेतलं ते सगळं पवित्र, असा नाही. 1973-74 मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह 97.75 टक्के होता. त्याला मी कर म्हणणार नाही. कच्च्या-पक्क्या बिलांची सवय लोकांना त्यानेच लावली, असं आमच्या जुन्या सीनियरांचं मत. आणि काळाराम मंदिरावरून जाताना मला हमखास तारखांची एक जोडी आठवते. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, 12 मार्चला गांधीजी मिठाच्या कराविरुद्ध दांडीला निघाले. मिठावरचा कर देवळाबाहेर बसलेल्यांकडूनही घेतला जात होता. आणि दारावर त्यांना अडवायला उभे असलेले पोलीस सरकारी पगारावरच होते. घेताना माणूस मोजायचा आणि आत सोडताना नाही, याला मात्र चोरी हा शब्दही मला अपुरा वाटतो.

मुलगा गेला. चारच दिवसांनी निफाडहून मामेभाऊ आला. त्याचा प्रश्न कधीच हा नसतो. शेती उत्पन्नाला आयकर माफ, त्यामुळे तो ऐटीत म्हणतो, "ताई, आपल्याला तुझ्या दुकानाची गरज नाही."

मी त्याला ऑगस्ट 2023 ची आठवण दिली. कांद्यावर एका रात्रीत 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, व्यापाऱ्यांनी लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले, आणि हा ट्रॅक्टर भरून दारात उभा. डिसेंबरात थेट निर्यातबंदी. मे 2024 मध्ये ती उठली तरी 40 टक्के राहिलेच, सप्टेंबरात 20 झाले, 1 एप्रिल 2025 ला शून्य. हे शुल्क तिजोरी भरायला नव्हतंच, माल बाहेर जाऊ नये, शहरात स्वस्त राहावा म्हणून होतं. बाहेरचा गिऱ्हाईक सगळं धरून 140 देत असेल, तर 40 सरकारचे. व्यापारी ते स्वतःच्या खिशातून घालत नाही, ट्रॉलीत हात घालून कांदा चाचपताना भावातूनच कापतो. शेतकरी नेते शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे, म्हणजे देण्याऐवजी उलट काढून घेणं.

"म्हणजे तो कर मी भरला?"

"मोठा हिस्सा तूच."

तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. त्या मुलाचे 4,99,200 तिथे होते, चलन क्रमांकासकट.

"मग पावती कुठाय?" म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा मागवला. जाताना त्याने अर्धी गोणी कांदा दाराशी ठेवला, "सल्ल्याची फी" म्हणून. त्याची पावती मी त्याला दिली नाही.